पाय मुरगळला नव्हता
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी सॉफ्टवेअरवाली, म्हणजे कॉम्प्युटरवरच बोलणार असं तुम्हाला वाटलं असेल. पण मी बोलणार आहे ललिता बाबरबद्दल.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही हे तिचं गाव. आपल्यासारखाच दुष्काळी मुलूख. शाळेत ती खो-खो खेळायची. मग लांब पल्ल्याचं धावू लागली, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली आणि नंतर ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी असते. महिलांसाठी ती ऑलिम्पिकमध्ये आली तीच २००८ साली.

२०१४ च्या आशियाई खेळांत ललिताला कांस्य मिळालं, २०१५ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण. २०१६ ला रिओत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरी गाठली. पी. टी. उषानंतर तब्बल ३२ वर्षांनी ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत भारतीय महिला तिथवर पोचली होती. पुढे ती महसूल खात्यात अधिकारी झाली.

ती अंतिम शर्यत १५ ऑगस्टच्या संध्याकाळी झाली. ललिता दहावी आली. घरात सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडत होते.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून आज सांगते. नववीत आपला खो-खोचा संघ बीडला जाणार होता, तेव्हा माझा पाय मुरगळलाच नव्हता. मुलीने मुक्कामाला जायचं नाही, असं घरी ठरलं होतं. ते सांगायची लाज वाटली. तुम्ही हळदीचा लेप लावायला सांगितलात आणि मी तो लावलाही! संघ पहिल्याच सामन्यात हरून आला. मैत्रिणींनो, तुम्ही अजून म्हणता, ‘हिचा पाय बरा असता तर...’ मला माफ करा.

घरच्यांवर राग नाही. त्यांनीच मला इंजिनिअर केलं. ‘सोबत बाईमाणूस कोण आहे?’ एवढंच आई विचारत होती, आणि कुणीच नव्हतं.

म्हणून आपल्या निधीबाबत एक सूचना. मुलींचा संघ बाहेरगावी जाईल तेव्हा एक माजी विद्यार्थिनी सोबत जावी, तिचा खर्च आपण करावा. पहिल्या वर्षी मी जाते. सुट्टी टाकलेली आहे.