झोळीतून सतरंजीवर

आज हप्त्याचं, कर्जाचं काही बोलायचं नाही. आज बाळांच्या खेळाचं बोलू.

कापूस वेचणी जोरात होती तेव्हाची गोष्ट. आमच्या गटातली एक मैत्रीण आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन बैठकीला आली. पोर एकदम शांत. सतरंजीवर बसवली तर कलंडली. पालथी घातली तर डोकं जरासं उचललं आणि रडायलाच लागली. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. शेवटी तिच्या सासूबाईच म्हणाल्या, "दिवसभर झोळीत असते. त्रास देत नाही, म्हणून आम्हाला बरंच वाटायचं."

यात त्या माउलीला बोल लावायचा नाही. बांधावर काटे, मुंग्या, विंचू. झोळी नाही बांधायची तर लेकरू ठेवायचं कुठं? आम्हीही तेच केलं आहे. पण झोळीत बाळाला जोर लावायला खाली टणक काही नसतं. पालथं होता येत नाही, हात टेकता येत नाहीत. मान, पाठ आणि खांद्यांना ताकद येते ती भुईवरच.

अंगणवाडीताईंनी माता-बाल संरक्षण कार्ड पाहिलं आणि बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना दाखवायला लावलं. त्यांनी तपासून सांगितलं, दोष काही नाही, पोरीला खाली खेळवा.

मग आम्ही रोजचा खेळ ठरवला. घरी आल्यावर गोधडी अंथरायची, बाळ पालथं घालायचं आणि आईनं समोर तोंडाशी तोंड आणून पालथंच झोपायचं. बाळाला खेळणं लागत नाही, आईचं तोंड लागतं. सुरुवातीला पोर मिनिटभरही टिकेना. मग लुगड्याची गुंडाळी छातीखाली दिली, हात पुढे मोकळे सोडले. वाटी-चमचा वाजवत एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे न्यायचा, म्हणजे मान फिरते. पुढे वाटी हाताच्या जरा पलीकडे ठेवायची. लगेच देऊन टाकायची नाही. तिथंच आज्जीचा जीव कळवळतो!

रांगत नाहीत अशा बाळांना जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पालथं खेळवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं आहे. एका दमात नाही. दोन-दोन, पाच-पाच मिनिटं करून. दूध पाजल्या-पाजल्या मात्र नको. शेजारी कुणीतरी मोठं माणूस हवंच. झोपवताना बाळ नेहमी उताणंच.

बसायला लागण्याआधी उशांच्या ढिगात तासन्‌तास रोवून ठेवू नका. आपण पाय पसरून बसायचं आणि मधे बाळाला घ्यायचं. कलंडलं तर मांडी आहेच. उभं राहायच्या वयात बाजेवर वाटी ठेवा, धरून उठेल. आणि चाकांचा, आत बसवायचा वॉकर? तो घेऊ नकाच. बाळ त्यात लोंबकळतं, चुलीपर्यंत किंवा पायरीपर्यंत क्षणात पोचतं. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. आपला पांगुळगाडा त्याहून बरा, कारण त्याच्यामागे बाळाला स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं. तरी तोही उभं राहता आल्यावरच, आणि आपण सोबत असताना.

सगळी बाळं एकाच महिन्यात बसत नाहीत, तेव्हा शेजारणीच्या बाळाशी बरोबरी नको. दिवस भरायच्या आधी झालेलं बाळ तर तेवढं मागे असणारच. पण चार महिने संपले तरी मान धरत नाही, नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षानंतरही चालत नाही, अंग फार ताठ किंवा फार ढिलं वाटतं, किंवा वर्षाच्या आत एकच हात वापरतं, असं दिसलं तर थांबू नका. "त्याचा बापही उशिराच चालला होता" हे आम्ही फार ऐकलं आहे. आधी दाखवून या, मग बापाची गोष्ट सांगा.

ती पोर संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणाला पाटावर एकटी बसली होती. बोरं, हलवा, शेंगदाणे अंगावरून सांडले, तसे तिनं दोन्ही हात पुढे टाकले. तोंडात जायच्या आधी सगळं उचलताना आमची तारांबळ उडाली.

आता आमच्या बैठकीत मधोमध एक जादा सतरंजी असते. हिशेब कडेला बसून होतो. पुढच्या बैठकीला येताना बाळाला घेऊन या, आणि घरातली एक वाटी आणा.