पुस्तकातला कोड आणि वस्तीवरचा फोन



वर्गात तंत्रज्ञान आणायचे म्हटले की प्रथम खरेदीची यादी डोळ्यांपुढे येते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत मात्र आरंभ भाषेपासून झाला. २००९ साली तेथे रुजू झालेल्या रणजितसिंह डिसले यांना आढळले की, मुलांच्या घरची भाषा कन्नड आहे आणि पाठ्यपुस्तके त्या भाषेत नाहीत. ते स्वतः कन्नड शिकले, पुस्तके भाषांतरित केली आणि त्यांत क्यूआर कोड घातले. फोनने कोड टिपला की कविता ऐकू येई, पाठ दिसे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना देऊ केली. हा संस्कार यंत्रातून येत नाही!

आज ‘दीक्षा’वर साहित्याची वाण नाही. अवघड आहे ती निवड. अपूर्णांकांवरील अनेक चित्रफिती आधी स्वतः पाहून, आपल्या वर्गाला उमजेल तेवढीच ठेवावी लागते. त्यासाठी शिक्षकाला वेळ कोणता? निवडणूक, जनगणना आणि माहितीचे तक्ते यांतून उरेल तो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पुस्तकातला कोड घरी होता. पण कामे सुरू होताच अनेक घरांतला एकुलता फोन वडिलांबरोबर बाहेर जाऊ लागला. वस्तीवर अभ्यासिका चालविणाऱ्या कार्यकर्त्यांनी सायंकाळी तेथे एक फोन ठेवावा आणि गावच्या शिक्षकांनी निवडलेले पाठच त्यात उतरवून घ्यावेत.