पाण्याची वांटणी

अर्थव्यवस्थेचा विचार बहुधा उत्पादनापासून आरंभितात. विलासराव साळुंखे यांनीं तो वांटणीपासून आरंभिला. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं त्यांनीं पाणी पंचायतीचा पाया घातला. पाणी जमिनीच्या मानानें न देतां माणसांच्या संख्येप्रमाणें द्यावयाचें: दरडोई अर्ध्या एकरापुरतें, कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरतें. भूमिहीनासहि हक्क, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाहीं, आणि ऊंस वर्ज्य, असे नियम ठरले. दहा एकरांच्या धन्यास ते जाचक वाटणें स्वाभाविक आहे. परंतु एका मळ्यांतील ऊंस अनेक शेतांच्या ज्वारीचें पाणी पितो आणि अखेरीस विहीरहि आटवितो. पाण्यांत ज्यास वांटा नाहीं, त्यानें काटकसर तरी कोणासाठीं करावी?