नोंद आणि नाव



शाळांच्या डेड स्टॉक रजिस्टरात संगणकाचे नग मोजलेले असतात. आत काय आहे, ते नोंदलेले नसते. लिनक्स प्रणालीत ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा टंकली, की संगणक आपल्या जोडभागांची यादी स्वतःच पडद्यावर मांडतो. ती रजिस्टरात उतरवून घ्यावी. मात्र जोडभाग ओळखीदाखल सांगतो ते क्रमांकच, एक उत्पादकाचा, दुसरा वस्तूचा. ‘८०८६’ म्हणजे इंटेल, हे माणसांनी जपलेल्या सूचीतून कळते. सूची जुनी असेल, तर नवा भाग चोख काम करीत असूनही निनावी राहतो.

हा अनुभव आपल्या मुलखाला नवा नाही. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा-सौंसर मध्यप्रदेशात राहिले. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. माती तीच, बोली तीच; जुन्या याद्यांत जिल्हा मात्र छिंदवाडाच.

यंत्र विचारताच आपली खूण सांगते. जनगणनेचा कर्मचारी दारी येईल, तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात आपणही ‘मराठी’ असे निःसंकोच सांगावे. न सांगितलेले कोणतीही सूची नोंदवीत नाही.