पेटी तीच, माल तोच का?

आमच्या चौक गांवाजवळून मुंबई-पुणें रस्ता जातो. न्हावा-शेवा बंदराच्या लोखंडी कंटेनर पेट्या वाहणारे ट्रेलर आपण पाहिले असतील. आंत कापूस असो कीं कांचसामान, पेटीचें माप ठरीव. म्हणून जहाज, आगगाडी व ट्रक यांना ती सारखीच वाहतां येते. सॉफ्टवेअर रचणाऱ्यांनीं ‘कंटेनर’ हें नांव येथूनच उसनें घेतलें. २०१३ सालीं ‘डॉकर’ हें साधन प्रसिद्ध झालें आणि ही रीत पसरली.

माणसानें लिहिलेला सोर्स कोड यंत्राला चालेल अशा रूपांत घडवावा लागतो. या घडणीस बिल्ड म्हणतात. लिहिणाऱ्याच्या संगणकावर तो बिनचूक होतो, शेजारच्यावर अडतो. कारण तेथला कम्पायलर निराळा, एखादी लायब्ररी जुनी. भाकरीची कृति एकच, पण पीठ आणि तवा ज्याचा त्याचा, असा हा प्रकार. कंटेनरमध्यें पीठ व तवाही बंद करून देतात. कोडमध्यें बदल झाला कीं सर्व्हर आपण होऊन ताजा कंटेनर उघडतो, बिल्ड करतो, चांचण्या घेतो व कंटेनर टाकून देतो. यास कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणतात.

परंतु पेटी मिळाली म्हणजे काम झालें, हा भ्रम आहे. चिठ्ठीवर नुसतें ‘लेटेस्ट’ लिहिलें, तर आज आंत आहे तें पुढील महिन्यांत असेलच असें नाहीं. म्हणून मालावरूनच गणितानें काढलेला डायजेस्ट नोंदवावा. माल तिळभर बदलला तरी तो बदलतो. बिल्डमध्यें उमटणारी तारीख व वेळही स्थिर करावी लागते. शिवाय इंटेल व एआरएम या दोन जातींच्या प्रोसेसरांसाठीं बिल्ड निरनिराळा लागतो. तेथें पेटी एकटी कांहीं करूं शकत नाहीं.

एवढी उठाठेव कशाला? सोलरविंड्स या अमेरिकन कंपनीच्या बिल्ड यंत्रणेंतच चोर शिरले होते. हें डिसेंबर २०२० मध्यें उघडकीस आलें. जपून ठेवलेला सोर्स कोड स्वच्छ, बाहेर पडणाऱ्या मालांत विष, आणि वर कंपनीची खरी सही! अमेरिकेच्या सरकारी खात्यांनींही तो निःशंकपणें बसविला.

दोन मुलांनीं स्वतंत्रपणें बेरीज करून एकच उत्तर आणलें, तर आम्ही मास्तर लोक तें खरें धरतों. अर्थात् एकमेकांची पाटी पाहिली नसेल तर. डेबियन या स्वयंसेवकांच्या प्रकल्पांत २०१३ पासून हेंच चाललें आहे. एकाच पॅकेजचे दोन बिल्ड मुद्दाम निराळी तारीख, निराळा टाइमझोन लावून करतात, आणि एका बाइटचा फरक निघाला तरी तो कोठून आला याचा शोध घेतात.