बाईला बाईचा आधार

(मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. दात्यांनी धन दिले, तरुणांनी श्रमदान केले. गावच्या बायांनी पाणी वाहिले, गवंड्यांना भाकरी करून घातल्या. या श्रमाची पावती कोणी फाडत नाही. परंतु देवाच्या वहीत त्याची नोंद असतेच.

पंढरपूरला विठ्ठलाच्या महाद्वारापुढे संत चोखोबांची समाधी आहे. ज्यांना हयातीत देवळाचा उंबरठा ओलांडू दिला नाही, त्यांची समाधी आज दारातच आहे. त्यांच्या पत्नी सोयराबाई आणि भगिनी निर्मळा यांनीही अभंगरचना केली. याच चोखोबांचे नाव १९२२ साली नागपुरात एका बाईने आपल्या मुलींच्या शाळेला दिले. त्या बाई म्हणजे जाईबाई चौधरी.

जाईबाईंचा जन्म १८९२ साली उमरेडला झाला. दुष्काळामुळे कुटुंब नागपूरला आले. लहान वयात लग्न झाले. पोटासाठी त्यांनी डोक्यावर ओझी वाहून हमाली केली. अशा बाईला मिस ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी लिहावाचायला शिकविले आणि मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळवून दिली. परंतु शिक्षिका अस्पृश्य समाजाची आहे हे कळताच सवर्ण पालक मुले पाठवीनात. नोकरी गेली. दुसरी एखादी हताश होऊन घरी बसली असती. जाईबाईंनी स्वतःची शाळा काढली. एका बाईने दिलेली अक्षरे त्यांनी शेकडो मुलींच्या हाती देण्याचा ध्यास घेतला.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. १९३७ साली अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. स्त्रियांच्या उन्नतीसाठीच ते भरले होते; परंतु जेवणाच्या वेळी जाईबाईंना सवर्ण स्त्रियांपासून वेगळे बसविण्यात आले. त्यांनी व त्यांच्या भगिनींनी हा अपमान मुकाट्याने गिळला नाही, निषेध केला. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे भाषण ऐकायला हजारो स्त्रिया जमल्या होत्या. व्यासपीठावरून उन्नतीची भाषा बोलायची आणि पंगतीत पान वेगळे मांडायचे, याला आधार म्हणत नाहीत.

नागपूरचेच दुसरे उदाहरण कमलाताई होस्पेट यांचे. बालवयात वैधव्य आले. त्या काळी विधवेने कोपरा धरायचा, ही रीत होती. कमलाताईंनी नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्या साथीने मातृसेवा संघ स्थापन केला. लहानशा प्रसूतिगृहापासून सुरू झालेले हे काम पुढे विदर्भाला परिचित झाले. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जिला समाजाने अशुभ मानले, तिच्याच हातांनी कितीतरी आयाबायांची बाळंतपणे सुखरूप पार पडली. मग असा हात अशुभ कसा?

भगिनींनो, शाळा काढणे सर्वांना जमणार नाही. परंतु शेजारणीच्या बाळंतपणात दोन वेळचा डबा पोचविता येईल. ज्या घरची मुलगी शाळेतून काढली गेली, त्या घरी जाऊन तिच्या आईला चार शब्द सांगता येतील. सुनेच्या अंगी गुण असेल तर सासूने तो चारचौघींत बोलून दाखवावा. आणि या नव्या मंदिरातील हळदीकुंकवाला विधवा भगिनीला आग्रहाने बोलवावे, पहिली ओटी तिची भरावी. पंगतीत सर्वांची पाने एका रांगेत मांडावीत.

दगड-चुन्याचा जीर्णोद्धार दात्यांनी केला. मनाचा जीर्णोद्धार घरोघरच्या माउलींच्या हाती आहे. तो करण्याची बुद्धी सर्वांना लाभो, हीच देवाचरणी प्रार्थना.