मामाच्या डोक्यातला आकडा
(साताऱ्यात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



करोना गेला, असं सगळे म्हणतात. सातारा-सांगलीच्या माणसानं तरी म्हणू नये. २०२१ ची दुसरी लाट राज्यात ओसरत आली तरी इथून हटेना. त्या ऑगस्टात सरकारनं ज्या ११ जिल्ह्यांत निर्बंध कायम ठेवले, त्यांत हे दोन्ही होते. ऑक्सिजनवरून माणसं जिवंत परतली, गळ्यात हार पडले. पुढं त्यांच्या डोक्याचं काय झालं, कुणी विचारलं?

माझा मामा सांगलीत हळदीची पोती वाहतो. निरक्षर. पण कुठल्या गाडीत किती पोती चढली ते संध्याकाळी तोंडपाठ सांगायचा. अकरा दिवस ऑक्सिजनवर काढले, आणि नंतर आकडा मधेच तुटायला लागला. पाठीवर पोतं घेऊन नुसता उभा. कुठल्या थप्पीला न्यायचं तेच आठवेना! मुकादम म्हणाला, नाटकं करतोय. गल्ली म्हणाली, प्यायला लागला. मामानं आयुष्यात थेंब घेतलेला नाही.

मी मॅट्रिक, गोदीत ओझी उचलतो, कविता लिहितो. डॉक्टर नाही. वाचलंय ते सांगतो. विषाणू मेंदूत शिरलाच पाहिजे असं नाही. त्याच्याशी झुंजताना अंगात जो दाह उठतो, तो मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो. त्यात छाती भरलेली, प्राणवायू कमी. लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२४ मध्ये १ लाख १२ हजारांवर लोकांच्या चाचण्या छापल्या. करोना न झालेल्यांच्या तुलनेत, होऊन बऱ्या झालेल्यांत बुद्ध्यांकाच्या मापानं सुमारे ३ गुणांची घट. लक्षणं न गेलेल्यांत ६. अतिदक्षता विभागात राहिलेल्यांत ९. मात्र ज्यांची लांबलेली लक्षणं अखेर गेली त्यांची घट थोडीच राहिली, हेही ऐका. सगळं संपलं असं नाही.

पण त्या चाचण्या इंटरनेटवर दिलेल्या. त्यात मामा कुठाय? हमालाची बुद्धी मोजलीय कुणी कधी? आमच्या माणसाला डोकं नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं. आता आजारानं डोक्यावर घाव घातला तर तोच जुना शब्द तयार! साहेब विसरला तर त्याला ताण असतो, रजा मिळते. हमाल विसरला की मठ्ठ, बेवडा, आणि हजेरी बंद.

जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्येच या दुखण्याची व्याख्या केलीय. आजारानंतर तीन महिन्यांनीही असणारी, निदान दोन महिने टिकणारी, दुसऱ्या कशानं न उलगडणारी लक्षणं. त्यांत विचार-स्मरणाचा बिघाड धरलाय. तेव्हा डिस्चार्ज कार्ड फेकू नका. सिव्हिलला जाऊन नुसतं ‘अशक्तपणा’ म्हणू नका, ‘विसरतोय’ म्हणा. साखर, थायरॉईड, बी-१२ तपासून घ्या, विसर त्यानंही पडतो आणि त्याला औषध आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यानं हमालाला मंडळ दिलंय. त्याच्या दारात हलक्या कामाची मागणी घेऊन बसा.

आणि वस्तीत फिरताना ‘बरा आहेस का?’ विचारू नका, तो ‘हो’च म्हणणार. विचारा, मोड मोजता येते का? रस्ता चुकतोस का?